वजनमापवाल्याची नात

चौतीस वर्षं मी सरकारी पगारावर लोकांचे काटे तपासले. हुद्दा वैधमापन निरीक्षक. बाजारात मात्र मला 'वजनमापवाले' म्हणत, आणि मी लांबून दिसलो की दुकानदार पारड्याखाली चिकटवलेली चिंच आधी काढून टाकत. त्यामुळे नात वैदेहीच्या जेवणाचं वजन करायची वेळ आली, तेव्हा घरात कोणी कोणाला विचारलंसुद्धा नाही. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ गीतांजली मॅडमनी छोटा डिजिटल काटा टेबलावर ठेवला आणि मी तो माझ्याकडे ओढून घेतला.

वैदेही सहा वर्षांची. तिसऱ्या वर्षापासून तिला फिट यायला लागल्या. हातपाय आखडणाऱ्या मोठ्या फिट नव्हेत. चालता-बोलता तिची मान एकदम खाली पडायची आणि मानेपाठोपाठ ती. क्षणभरच, पण कपाळाला टाके पडायला तेवढा क्षण पुरतो. म्हणून ती घरातही निळं हेल्मेट घालून हिंडायची. तीन निरनिराळी औषधं करून झाली होती, तरी दिवसाला पंधरा-सोळा फिट ठरलेल्या. सून उन्नती वहीत एकेक रेघ ओढायची, आणि मुलगा आशुतोष रबाळ्याच्या कंपनीतून संध्याकाळी आला की आधी ती वही बघायचा, मग बूट काढायचा.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी केटोजेनिक आहार सुचवला. हे नाव ऐकून आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत ज्याने-त्याने विचारलं, "म्हणजे ते वजन उतरवायचं डाएट ना?" त्या प्रत्येकाला मी झापलं. हे हौसेचं डाएट नव्हे, हे औषध आहे. चार दिवस दवाखान्यात ठेवून ते सुरू करावं लागतं. शरीराला साखर आणि पीठ जवळजवळ मिळूच द्यायचं नाही, सगळा कारभार चरबीवर चालवायचा. मग रक्तात केटोन तयार होतात, आणि काही मुलांच्या मेंदूला ते असे काही मानवतात की फिट कमी होतात. सगळ्याच मुलांच्या नाही. म्हणून डॉक्टरीणबाईंनी मुदत घातली होती. तीन महिने करून बघायचं. फिट निम्म्याच्या खूप खाली आल्या तर पुढे चालू, नाहीतर बंद. बंद केलं तर पुढे काय, हे आम्ही कोणी विचारलं नाही, कारण त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की पुढे फारसं काही नाही.

या आहारात चमचा, वाटी, चिमूट असली मापं चालत नाहीत. दुधी अठरा ग्रॅम म्हणजे अठरा ग्रॅम, एकोणीस झाला की एक फोड कापायची. त्यावर लोणी इतकं की फोडी दिसू नयेत. वर क्रीम, अंड्याचा बलक, खोबरेल तेल. पोळी नाही, भात नाही, फळ नाही, बिस्कीट नाही. दिवसभरात साखर-पीठ सगळं मिळून नऊ ग्रॅमच्या आत. आणि पानात काही टाकायचंही नाही, वाटीला चिकटलेलं तेलसुद्धा चाटून-पुसून पोटात गेलं पाहिजे. मला हा सगळा प्रकार मनापासून आवडला. जगात एक तरी जागा अशी निघाली होती, जिथे कोणी "जाऊ द्या हो साहेब, थोडं इकडे-तिकडे" म्हणू शकत नव्हतं.

असं म्हणणारी एकच व्यक्ती आमच्या घरी यायची, ती म्हणजे आमची विहीण.

पुतळाबाई खाडीकाठच्या दिवाळे गावच्या. उन्नतीची आई. खाडीचे मासे विकत त्यांचं आयुष्य गेलं, आणि ते वाट्यावर. एवढे मासे पानावर मांडायचे, हा एक वाटा. काटा नाही, वजन नाही, आणि वाटा उचलून गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकताना त्यावर आणखी एक मासा 'वरचा' म्हणून. लग्न ठरताना मी त्यांना विचारलं होतं की तुम्ही वजन करून का विकत नाही. त्या म्हणाल्या, "मासा दर्यान काय किलोवर पोवतो, भाऊ?" सगळी बैठक हसली. मीही हसलो, पण मनात त्यांच्या नावापुढे एक फुली मारून ठेवली.

आमच्या घरात मासे येत नसत. वैदेहीसाठी यायला लागले. बुधवार-रविवार पुतळाबाई साफ केलेली बोय मासळी घेऊन यायच्या, उन्नती वेगळ्या तव्यावर ती परतायची आणि मी नाकाला रुमाल लावून अठ्ठावीस ग्रॅम मोजायचो. शेपटाकडचा जास्तीचा तुकडा मी कापून बाजूला ठेवला की पुतळाबाईंचा जीव वर-खाली व्हायचा. "येवढासा तं तुकरा. खाऊ द्या ना पोरीला." मी म्हणायचो, "पुतळाबाई, इथे वरचा मासा नसतो." मग त्या नातीला भरवायच्या, गाणी म्हणत, एकेक घास इतका लाडात की मलाच भूक लागावी.

पहिल्या महिन्यात फिट पंधरावरून आठ-नऊवर आल्या. आशुतोषने वही बघून बूट न काढताच लेकीला उचलून घेतलं. पण तिथेच सगळं अडलं. दुसरा महिना निम्मा सरला तरी आठच. सकाळी लघवीत बुडवायची एक पट्टी असते, केटोन भरपूर असले की ती गडद जांभळी होते. आमची फिकट गुलाबीच्या पुढे जाईना. गीतांजली मॅडमनी वही उलटसुलट तपासली आणि म्हणाल्या, "काका, वजनं तुमची अगदी परफेक्ट आहेत. पण कुठून तरी साखर जातेय. घरात कोणी प्रेमाने काही देतंय का, बघा."

झालं. माझ्यातला निरीक्षक जागा झाला. मी टूथपेस्ट तपासली, ती बिनसाखरेची. औषधाचं सिरप बदलून गोळ्या कधीच झाल्या होत्या. शाळेत जाऊन बाईंना भेटलो, वाढदिवसाची चॉकलेटं कुठे जातात ते विचारलं. लिफ्टमध्ये लाडाने गाल ओढणाऱ्या शेजारणींना ताकीद दिली. वैदेहीला समोर बसवून विचारलं, "वैदू, तू आपल्या डब्याशिवाय काही खाल्लंस?" तिने हेल्मेट हलवून ठाम सांगितलं, "नाही आबा. मी काहीच खात नाही." पोर खोटं बोलत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणजे तिला न कळता कोणीतरी भरवत होतं. आणि भरवणारं माणूस एकच होतं.

त्या रविवारी भरवून झाल्यावर पुतळाबाई हात धुऊन निघाल्या, तेव्हा मी दारात उभा राहिलो. म्हणालो, "पुतळाबाई, जरा पिशवी दाखवा."

"माजी?"

"हो. तपासायची आहे."

हे वाक्य मी चौतीस वर्षं बोललो होतो. जिभेला त्याचं वळणच पडलं होतं. उन्नती स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाबा, काय हे?" पण तोवर पुतळाबाईंनी पिशवी जमिनीवर उलटी केली होती. कोयती, ओला पंचा, घराच्या किल्ल्या, दाताला लावायच्या मिश्रीची डबी. डबी मी उघडूनही पाहिली. आत मिश्रीच होती. वैदेही सोफ्यावरून हे सगळं बघत होती.

पुतळाबाईंनी एकेक वस्तू परत पिशवीत भरली. "मी पोरीला काय दिलं नाय, भाऊ," एवढंच म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. लिफ्टसाठी थांबल्यासुद्धा नाहीत.

त्यानंतर उन्नती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहाचा कप ठेवताना म्हणाली, "आई आपल्याकडे बिनसाखरेचा चहा का घेते, माहितीये तुम्हाला?"

मी म्हणालो, "शुगर असेल."

"शुगरबिगर काही नाहीये तिला. वैदूची साखर बंद झाली त्या दिवशी तिने पण सोडली. वैदू खाईल तेव्हाच खाईन म्हणते."

मी कप तसाच बशीत ठेवला. तरीही मनातला संशय पुरता गेला नव्हता, हे कबूल करतो. मी स्वतःला समजावलं की आता बघू, त्या येत नाहीत म्हटल्यावर पट्टी जांभळी होते की नाही.

पट्टी जांभळी झाली नाही. दोन आठवडे पुतळाबाई आल्या नाहीत आणि वहीत रोजच्या आठ रेघा तशाच. मुदत संपायला तीन आठवडे उरले. आशुतोष म्हणाला, "बाबा, जाऊ द्या, टेन्शन नका घेऊ. नसेल सूट होत तिला." तो हे इतकं शांतपणे म्हणाला की मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. मला भीती वाटत होती. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो.

मग एका शनिवारी दुपारी वैदेही खाली सतरंजीवर बाहुलीशी खेळत होती. बाहुलीलाही हेल्मेट होतं, नारळाच्या करवंटीचं. माझा जुना खिशातला काटा मी तिला खेळायला दिलेला, त्यावर ती बाहुलीचं जेवण मोजत होती. "लोणी वीस ग्रॅम. अंडं. दुधी. सगळं संपवायचं हं, वाटी पुसून." मी आरामखुर्चीत पडून कौतुकाने ऐकत होतो. बाहुलीचं जेवण झालं. मग वैदेहीने चमच्याने वाटी वाजवली, टिण टिण टिण, आणि बाहुलीच्या हातावर दोन पांढरे खडे ठेवले.

मी म्हणालो, "अगं, ते मोजलं नाहीस."

"आबा, तो प्रसाद आहे."

"मग?"

"प्रसाद खात नाहीत," ती मला समजावत म्हणाली, "प्रसाद घेतात. तूच सांगितलंस."

मी उठून बसलो.

रोज सकाळी मी पूजा करतो. बायको गेल्यापासून तिचा देव्हारा माझ्याकडे आहे. घंटा वाजवायचं काम वैदेहीचं, ती उभी राहायला शिकली तेव्हापासून. आरती झाली की मी देवापुढची खडीसाखर तिच्या तळहातावर ठेवतो. हे मी कोणापासून लपवलं नव्हतं. लपवून दिलं असतं तर मला आठवलं तरी असतं. दवाखान्यात गीतांजली मॅडमनी विचारलं होतं, मुलगी काय काय खाते, सगळं सांगा. आम्ही तिघांनी बसून पाण्यापर्यंतची यादी दिली. पण प्रसाद त्या यादीत येणार कसा? आमच्या घरात प्रसाद कोणी कधी खाल्लेलाच नाही. तो घ्यायचा असतो. डाएट सुरू झालं त्या आठवड्यात पोरीने हात मागे घेऊन विचारलंही होतं, "आबा, साखर खायची नाही ना?" आणि मी, वैधमापन निरीक्षक, तिला म्हणालो होतो, "अगं, प्रसाद खात नाहीत, घेतात. घे."

मी देव्हाऱ्यातली डबी आणली. दोन खडे काट्यावर ठेवले. चार पूर्णांक तीन ग्रॅम. तिच्या अख्ख्या दिवसाच्या वाट्यातला जवळजवळ निम्मा भाग.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती मी त्या दिवशी घरातही सांगितली. पूर्वी मी तिला एकच खडा द्यायचो. पोरीचं सगळं गोड बंद झालं, मला वाईट वाटलं, म्हणून मी दोन द्यायला लागलो. एकादशीला तीन.

उन्नतीने ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ती चिडेल. ती वही मिटून बाजूला ठेवत म्हणाली, "बाबा, हे आईला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढली आणि दिवाळ्याला गेलो. बाजारात बायका रांगेने बसलेल्या. पुतळाबाईंसमोर पानांवर पाच-सहा वाटे मांडलेले होते. मला बघून त्या उठल्या नाहीत. पहिलं वाक्य मात्र त्यांचंच. "वैदू कशी हाय?"

"तशीच आहे," मी म्हणालो. "पुतळाबाई, साखर मी देत होतो."

"तुमी?"

"देवाचा प्रसाद म्हणून. रोज. दोन खडे."

शेजारच्या बायका ऐकत होत्या. मी आवाज खाली केला नाही. संशय घेताना केला नव्हता, मग आता कशाला करायचा? पुतळाबाईंनी हातातली कोयती खाली ठेवली.

"माज्या पन डोक्यान आलं नसतं," त्या म्हणाल्या. "परसाद कोन मोजतंय?"

त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "चुकलं माझं."

"चुकलं तं चुकलंच, भाऊ. पिशवी बघलीत, त्याचं मना काय नाय. पन पोरीसमोर बघायची नव्हती."

मी माझी कापडी पिशवी खांद्यावरून काढली आणि त्यांच्यापुढे उलटी केली. चष्म्याचं घर, छत्री, रुमाल. म्हणालो, "आता तुम्ही तपासा. चष्म्याचं घर पण उघडा." शेजारची एक बाई फिसकन हसली. पुतळाबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी चष्म्याचं घर खरंच उघडून पाहिलं आणि मला परत दिलं.

"आता देवाला काय दाखवताय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. सध्या नैवेद्यच बंद केलाय."

"देवाला कशाला उपाशी मारताय? त्याला लोनी द्या. तेच पोरीला द्या."

आमच्या देव्हाऱ्यात रांगणारा बाळकृष्ण आहे. पितळेचा. त्याच्या हातात लोण्याचा गोळा आहे. रोज चिंच लावून मी तो गोळा घासतो आणि त्याच देवापुढे खडीसाखर ठेवतो. हे सुचायला मला दिवाळ्यापर्यंत यावं लागलं.

निघताना त्यांनी वैदेहीसाठी बोय बांधून दिली. पुडी बंद करण्याआधी एक मासा वर टाकला. मी तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "ती वरची. पोरीची नाय, उन्नतीची हाय. ती मोजायची नाय." मी मोजली नाही.

चौथ्या दिवशी पट्टी जांभळी झाली. उन्नतीने ती मला दाखवायला बाथरूमच्या दारावर थापा मारल्या. त्या आठवड्यात वहीत दिवसाला सहा रेघा आल्या, मग चार, मग तीन. एका गुरुवारी वही कोरी राहिली. आशुतोषने त्या कोऱ्या पानाचा फोटो काढला, आणि पुन्हा काढला, पहिला हलला म्हणून. मुदत संपली तेव्हा दिवसाला दोन-तीनच फिट उरल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी वही बघितली, मग वैदेहीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चालू ठेवूया. दोन वर्षं तरी." हेल्मेट अजून उतरलेलं नाही. दोन वर्षांनी काय होईल ते तेव्हा बघू. पण शाळेच्या जिन्यावर ती आता कठड्याला धरून स्वतः चढते, आणि मागून जाताना मला पूर्वीसारखा हात पुढे धरून चालावं लागत नाही.

पुतळाबाई बुधवार-रविवार येतात. त्यांचा चहा अजून बिनसाखरेचा असतो. आता माझाही.

सकाळची पूजा पुन्हा सुरू झाली आहे. वैदेही घंटा वाजवते. मी बाळकृष्णापुढे लोणी ठेवतो, तेही काट्यावरून, सहा ग्रॅम, तिच्या न्याहारीतून कमी करून. पहिल्या दिवशी मी ते तिच्या तळहातावर ठेवलं तेव्हा तिने हात तोंडाकडे नेला नाही. माझ्याकडे बघत राहिली.

"आबा, हे घ्यायचं की खायचं?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते तिच्यापासून लपवलं नाही.

"खायचं, बाळा," मी म्हणालो. "आणि वहीत लिहायचं."

तिने लोणी खाल्लं. मग तळहात नीट चाटला, बोटांच्या मधली जागासुद्धा, आणि काही उरलं नाही हे मला दाखवलं.